नाटकातली पेटी आणि पेटीवरचा साथीदार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला नाट्यपदे झाली नाहीत असे वर्ष सहसा जात नाही. पदे म्हणणाऱ्या भगिनींचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. परंतु बाजूला बसून त्यांना सूर देणारा जो साथीदार, त्याची आठवण हार घालण्याच्या वेळेपुरती होते. गेली काही वर्षे या साथीदारापुढे बाजाची पेटी क्वचितच दिसते, ऑर्गन तर नाहीच. विजेवर चालणारा, पियानोसारख्या पट्ट्यांचा एक लांबट खोका तेवढा असतो. तो कोणत्याही कारखान्याचा असला तरी आपण सरसकट त्याला 'कॅसिओ' म्हणतो. या खोक्यातून नाट्यपदाला हवा तसा सूर निघत नाही, अशी जाणत्या मंडळींची तक्रार असते. ती खरीच आहे. तथापि मराठी रंगभूमीचा इतिहास चाळू लागले की दुसराच प्रश्न पुढे येतो. आपल्या नाटकातल्या साथीदाराच्या हाती पुरते वाद्य होते तरी केव्हा? या लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले आणि १८८२ साली 'सौभद्र' आले. संगीत नाटकाची वाट येथून रुळली. त्या काळी गाण्याची साथ म्हटली की सारंगी आणि तबला हेच डोळ्यांपुढे येत असे. सारंगी हे गळ्याच्या अगदी जवळचे वाद्य. गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जसा घसरत जातो तशीच सारंगीही जाते. पण नाटकाच्या मंडपात हजार माणसे बसलेली, ध्वनिक्षेपक नाहीत, मागच्या बाकावरचा प्रेक्षक पैसे मोजून आलेला. तेथे सारंगीचा बारीक सूर कितीसा पोचणार? शिवाय तिच्या तारा हवा बदलली की उतरतात, आणि प्रवेशाच्या मध्येच खुंट्या पिळत बसायला नाटक थांबत नाही. जोरकस, स्थिर आणि बसल्या बैठकीला तयार असे वाद्य नाटकाला हवे होते. ते परदेशातून आले.

पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केले. पितळेच्या पातळ पत्त्यांवरून वारा गेला की त्या थरथरतात आणि आवाज होतो, एवढेच त्याचे मर्म. आपल्याकडचे पेटीवाले या पत्त्यांनाच 'सूर' म्हणतात. मूळ हार्मोनियम पायांनी भाता मारून वाजवायचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली 'द्वारकिन' नावाची पेढी काढली, आणि त्यांच्याच खटपटीने मागे हाताचा भाता असलेली, मांडी घालून वाजवता येणारी सुटसुटीत पेटी देशभर पसरली. भजनाला, कीर्तनाला, शाळेला तीच सोयीची. पण हाताच्या पेटीत एक हात भात्याला जातो आणि पट्ट्यांवर एकच हात उरतो. नाटकवाल्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. म्हणून मोठ्या कंपन्यांनी पायांचा ऑर्गन पसंत केला.

हा ऑर्गन बव्हंशी अमेरिकी बनावटीचा. ब्रॅटलबरो गावची एस्टी कंपनी आणि मेसन अँड हॅम्लिन ही त्यातली नावाजलेली घराणी. हार्मोनियमचा भाता वारा बाहेर ढकलतो, तर अमेरिकी ऑर्गन तो आत ओढतो, आणि म्हणून त्याचा सूर अधिक गोल व मवाळ लागतो. दोन्ही पाय सतत भात्यावर, दोन्ही गुडघे आवाज लहानमोठा करण्याच्या फळ्यांवर, दोन्ही हात पट्ट्यांवर आणि डोळे नटाच्या ओठांवर! स्वयंपाक करता करता कडेवरचे मूल सांभाळणाऱ्या भगिनींना या कामाची कल्पना चटकन येईल. एका हाताने चाल आणि दुसऱ्या हाताने तीच चाल खालच्या सप्तकात वाजली की मंडप भरून जाई.

आता या वाद्याचे उणे सांगितले पाहिजे, कारण साथीदाराची सारी विद्या त्या उण्यातूनच जन्मली.

पहिले उणे सर्वांना ठाऊक आहे. पेटीला मींड नाही. एक पट्टी सोडून दुसरी दाबावीच लागते आणि मधली वाट तिच्याजवळ नाही. दुसरे उणे थोडे सूक्ष्म आहे. परदेशात वाद्ये जुळवताना सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करतात. दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर कण कल्पिले, तर तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा पेटीचा गंधार सुमारे १४ कण चढा असतो. धैवत तर १६ कण चढा. कानाला सवय झाली म्हणून आपल्याला ते टोचत नाही, पण जवळ तंबोरा झणकारत असला तर तयार गवई तोंड वाकडे करतो ते यामुळे.

या गंधारासाठी आपल्याकडे केवढा खटाटोप झाला! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाची मदत घेऊन सुरांची मोजमापे केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मुंबई इलाख्यातले न्यायाधीश क्लेमंट्स यांनी ते मनावर घेतले, आणि लंडनच्या मूर अँड मूर यांच्या कारखान्यात श्रुतींची खास पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत ती जाणकारांपुढे आली, पण तिला मान्यता मिळाली नाही. नाटकाच्या साथीला तर ती कधीच बसली नाही. पट्ट्या वाढल्या, बोटांचा गोंधळ वाढला, आणि कोणत्या रागात कोणती श्रुती यावर दोन गवयांचे एकमत होईना.

ज्यांना पेटीचे हे दोष पुरते ठाऊक होते असे एक गृहस्थ त्याच सुमारास रंगभूमीवर तळपत होते. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे. यांचा जन्म १८८१ चा, मृत्यू १९५५ चा. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ त्यांनी केली होती आणि पेटीचे स्वतंत्र वादन मैफलीत मांडले होते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांचे 'मानापमान' झाले, त्याच्या चाली टेंब्यांच्या. पेटीवाल्याने दिलेल्या या चाली आज शंभरावर वर्षे झाली तरी आपल्या मुली म्हणत आहेत. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढण्यात तेही होते. पुढे ते तिच्यातून निघाले, स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, नायकाच्या भूमिकाही केल्या. साथीला बसणारा माणूस कोठवर जाऊ शकतो याचे हे उदाहरण अपवादाचेच म्हणावे लागेल. बाकीच्यांची आयुष्ये रंगमंचापुढच्या खड्ड्यातच गेली.

गंधर्व मंडळीच्या भरभराटीच्या काळात त्या खड्ड्यात कोण कोण बसत होते पाहा. ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे, सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा. ऑर्गन आला म्हणून बालगंधर्वांनी सारंगी घालवली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑर्गनने सूर भरावा आणि ऑर्गनला न साधणारी मींड सारंगीने काढावी, अशी ही वाटणी. श्रीमंत कंपनीने वाद्याचे उणे दुसरे वाद्य विकत घेऊन भरून काढले. गरीब कंपनीतल्या साथीदाराला ते अकलेनेच भरून काढावे लागे.

ही अक्कल म्हणजे नेमके काय? नाटकात गाणे बोलण्यातून निघते. नट आपल्या भाषणाच्या ओघात कोणत्याही पट्टीत बोलत असतो, आणि शेवटचे वाक्य संपताच त्याला नेमका षड्ज हवा असतो. म्हणून त्या वाक्याच्या खालून, प्रेक्षकाला कळेल न कळेल इतक्या हळू, साथीदार सूर धरून ठेवतो. तो लवकर दिला तर प्रसंगाचा रस जातो आणि उशीर झाला तर पदाची सुरुवात ढासळते. पद सुरू झाले की गाणाऱ्याच्या पाऊलभर मागे राहायचे. त्याने श्वास घेतला की त्याचीच शेवटची जागा परत वाजवून फट बुजवायची. मींड आली की पट्ट्यांवरून बोटे फिरवून तिची नक्कल करायची नाही. हात हलका करून मधले सूर गाळायचे आणि गळा जेथे पोचेल तेथे थांबून राहायचे. रसिकाला वाटते पेटीतूनही मींड निघाली!

आणि नटाचा सूर ढळला तर? रोजचा प्रयोग, जागरण, प्रवास, घसा बसलेला, असे व्हायचेच. पेटीचा सूर अचल असल्यामुळे ती ठणठणीत वाजली की नटाचा बेसूरपणा साऱ्या मंडपाला कळतो. चांगला साथीदार तेव्हा तो सूर वाजवतच नाही. नुसता षड्ज मंद धरून ठेवतो आणि माणूस घरी परत येण्याची वाट पाहतो. मला स्वतःला साथीच्या कलेतला हा भाग सर्वांत थोर वाटतो.

साथीदाराला आणखी एक अडचण स्त्रियांमुळे आली, असे म्हटले तर भगिनींनी रागावू नये. किर्लोस्कर, गंधर्व या मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे हिराबाई बडोदेकर आपल्या भावंडांसह १९२९ च्या सुमारास नाटकात उतरल्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आल्या. स्त्रीच्या भूमिकेत स्त्री गाऊ लागली तसा तिच्या गळ्याचा षड्ज आला. पुरुष साधारणपणे काळी एक, काळी दोन या भागात गातात, स्त्रिया काळी चार, काळी पाचच्या आसपास. एकाच नाटकात नायकाची पट्टी एक आणि नायिकेची दुसरी झाली. हाताला बसलेली बोटे पार बदलतात, काळ्यांच्या जागी पांढऱ्या येतात, आणि तेही क्षणभराची उसंत न मिळता. ज्याला ही पट्टी-पालट डोक्यात करता येत नसे, त्याचा संगीत नाटकात निभाव लागत नसे.

एवढे करून या मंडळींच्या वाट्याला काय आले? १९३१ साली बोलपट आला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त स्वतः टेंबेच हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचेच. १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त गेले. नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली आणि ऑर्गनवर धूळ बसू लागली. त्यातच १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. जॉन फोल्ड्स या रेडिओतल्या इंग्रज संगीतज्ञाने पेटीविरुद्ध आधीच लेख लिहिला होता आणि रवींद्रनाथ ठाकुरांचेही मत प्रतिकूल होते. कारणे तीच, मींड नाही आणि सूर चढे. कारणे खोटी नव्हती. परंतु त्या उण्यावर मात करायला ज्यांनी जन्म घालवला, त्यांना कोणी विचारले नाही. ही बंदी सैल व्हायला १९७१ च्या सुमारापर्यंत वाट पाहावी लागली.

बंदीच्या याच काळात पेटी जिवंत ठेवली ती नाटकाने आणि मैफलीने. १९६० नंतर संगीत नाटकाला पुन्हा पालवी फुटली. 'सुवर्णतुला', 'पंडितराज जगन्नाथ', १९६४ चे 'मत्स्यगंधा', १९६७ चे 'कट्यार काळजात घुसली' ही त्या काळची नाटके. ऑर्गनवर गोविंदराव पटवर्धन (१९२५ ते १९९६) बसले की नाटकातल्या माणसांचा जीव भांड्यात पडे. कितीतरी नाटकांची पदे त्यांना मुखोद्गत होती. गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर (१९३४ ते २०१८) हे पी. मधुकरांचे शिष्य. छोटा गंधर्वांच्या साथीतून ते पुढे आले आणि २०१६ साली पद्मश्री झाले. पु. ल. देशपांडे तर पेटीचे वेडेच. पण गंमत अशी की याच सुमारास, १९६० साली, एस्टीचा कारखाना बंद पडला. नवा ऑर्गन मिळेनासा झाला. होते ते जुनेच ऑर्गन डागडुजी करून चालू राहिले.

आपल्या पनवेलसारख्या गावाला ही डागडुजी म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. येथल्या पावसात दारे फुगतात तशा पट्ट्याही फुगतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. भात्याच्या कातड्याला बुरशी धरते, उंदीर ते कुरतडतात, पितळी सुरांवर हिरवा थर चढून ते घोगरे होतात. ऑर्गनचे वजनही भारी, तो हलवायला चार माणसे लागतात. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती कर्जतवरून गेली. एके काळी पुणेरी वाटेचे बंदर असलेले पनवेल बाजूला पडले, आणि अवजड सामान आणायचे ते गाडीरस्त्यानेच. बैलगाडीच्या चाकांसाठी आपले गाव नावाजलेले खरे, पण गाडीतून हिसके खात आलेला ऑर्गन सुरात राहतोच असे नाही. कोकणातल्या देवळांच्या उत्सवी नाटकांनी म्हणूनच हाताच्या पेटीवर भागवले. आपल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाच्या काळात मात्र साथीदार काखेत खोका मारून येतो, तारा जोडतो आणि पाच मिनिटांत तयार होतो. हा सुखाचा भाग आधी मान्य करावा.

मग या खोक्याचे उणे कोणते? १९८० पासून कॅसिओची आणि पाठोपाठ इतरांची अशी वाद्ये घरोघर येऊ लागली. पियानो हे मुळात आघाताचे वाद्य. हातोडी तारेवर पडते, आवाज उमटतो आणि लगेच विरू लागतो. नाट्यपदाला तर सूर धरून ठेवणारा हवा. म्हणून जाणता साथीदार पियानोचा आवाज बंद करून पेटीचा किंवा ऑर्गनचा निवडतो. परंतु तो आवाज ध्वनिमुद्रित असतो. पट्टी दाबल्यावर सूर एकसारखा वाजत राहतो, त्यात श्वास नसतो. ऑर्गनवर गुडघ्याच्या फळीने चालू सूर फुलवता येई, हाताच्या पेटीवर भात्याच्या दाबाने येतो. येथे बोट कितीही दाबले तरी चालू सूर वाढत नाही. यावर तोड म्हणजे आवाज कमीजास्त करणारी पायपट्टी. ती वेगळी घ्यावी लागते, आणि स्वस्त खोक्यांत ती जोडण्याची सोयच नसते. दुसरे असे की खोक्याचा आवाज खोक्यातून न येता सभागृहाच्या भोंग्यातून येतो, आणि गाणारीला तो नीट ऐकू येत नाही. म्हणून एक लहान भोंगा तिच्याकडे तोंड करून ठेवायला सांगावे. विजेचे तर बोलायलाच नको. ती मध्येच गेली तर खोका मुका होतो, म्हणून शहाणे साथीदार हाताची पेटी शेजारी उघडून ठेवतात.

या खोक्यावर एक कळ असते. ती फिरवली की त्याच पट्ट्या दुसऱ्या सुरात वाजतात. पहिल्या भगिनीची काळी चार आणि दुसरीची काळी पाच, बोटे बदलायला नकोत. पट्टी-पालटाची जी विद्या मिळवायला जुन्या साथीदाराची वर्षे गेली, ती एका कळीत आली. मला याचे दुःख होत नाही. गाणाऱ्या स्त्रीला "जरा खाली म्हणा ना" असे सांगण्याची पाळी आता कोणावर येत नाही, ही सोय लहान नव्हे.

त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. यांतल्या बऱ्याच वाद्यांत प्रत्येक सूर वेगळा थोडा चढवण्या-उतरवण्याची सोय असते, मुख्यतः अरबी संगीतासाठी केलेली. गंधार १४ कण खाली, धैवत १६ कण खाली करून ठेवला की देवलांनी सांगलीत बसून ज्याचा ध्यास घेतला तो गंधार या खोक्यातून निघतो. तंबोऱ्याबरोबर लावून पाहा, कानाला गारवा वाटेल. आता हे दर रागाला तपासावे लागते आणि कळ फिरवून बदललेल्या पट्टीशीही जुळवून घ्यावे लागते, म्हणून घाईच्या कार्यक्रमात तो उद्योग होत नाही. पण ज्याला करायचा त्याला तो करता येतो, आणि त्यासाठी लंडनहून पेटी घडवून आणावी लागत नाही. खोक्याने श्वास नेला आणि गंधार परत दिला, असा हा व्यवहार आहे. माझ्या मते तोटा अजून जास्त आहे, कारण नाट्यपदात भावना सुराच्या फुलण्यात असते. पण केवळ तोटाच आहे असे म्हणणारांनी गंधार लावून ऐकलेला नाही.

भाषणाच्या शेवटच्या वाक्याखाली सूर केव्हा धरायचा, ढळलेल्या गळ्यासाठी कोणता सूर गाळायचा, हे मात्र कोणत्याच कळीत नाही. ते शिकायला शेजारी बसून ऐकणे लागते, आणि नाटक पाठ असावे लागते. आज मैफलीच्या साथीला सीमा शिरोडकरांसारख्या स्त्रियाही पेटीवर बसतात. पूर्वीच्या नाटकाच्या खड्ड्यात हे दृश्य दिसणे नव्हते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना संवादिनी हा विषय घेता येतो, आणि या मंडळाची वास्तू आपल्यापासून फार लांब नाही, वाशीला आहे. आपल्या आळीत पेटी शिकणाऱ्या मुली आहेत. पुढच्या वर्धापनदिनाच्या तालमी सुरू होतील तेव्हा त्यांना नुसते श्रोत्यांत न बसवता साथीदाराच्या उजव्या हाताला बसवावे, आणि ज्या भगिनी पदे म्हणणार आहेत त्यांनी आपापली पट्टी आठ दिवस आधी लिहून द्यावी.